आक्कांचे उंदीर आणि तात्यांचं इंजेक्शन

"बाई, आमच्या भाच्यानं काय आणून उभं केलंय बघितलं का?" मेंदीच्या कुंपणावरून आक्कांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, नवा ट्रॅक्टर असेल. भाच्याची मणेराजुरीला द्राक्षबाग. बेदाण्याला भाव बरा मिळाला की आपल्याकडं ट्रॅक्टर येतो, ब्लोअर येतो, नाहीतर बंगल्यावर मजला चढतो. याच्या पलीकडं पैसा जात नाही असा माझा समज.

"ट्रॅक्टर कसला डोंबलाचा! दोन माणसांची गाडी हाय. टप न्हाई, खिडकीला काच न्हाई. आत बसलं की रस्ता हाताला लागतोय. थोरल्यांनी तर लेकासंगं बोलणंच टाकलंय. आणि वहिनी रडत्यात. म्हणं, आधीच शेतकऱ्याच्या पोराला कुणी पोरगी देईना, त्यात ह्यो असल्या गाडीतनं हिंडायला लागला तर झालंच!"

"उलट आहे, आक्का," मी म्हटलं. "दोनच माणसं बसतात म्हणजे सासूला जागाच नाही. मुली रांग लावतील."

आक्का हसल्या, पण हसता हसता मागं वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघून घेतलं. त्यांच्या सासूबाई अजून कानांनी शाबूत आहेत.

गाडीची कुंडली संध्याकाळी तात्यांनी सांगितली. तात्या म्हणजे आक्कांचे यजमान. तरुणपणी कुर्ल्याला टॅक्सीच्या गॅरेजात होते, नंतर गावी, तासगावला, येऊन सांगली रोडला स्वतःचं गॅरेज टाकलं. आता शटर बंद आहे, पण पाने सगळे घरात आहेत आणि हाताला ऑइल लागलं नाही तर त्यांना जेवण गोड लागत नाही. तर गाडी अलिबागकडची, नंबर एमएच-06. तिथं कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स म्हणून कारखाना निघाला, त्यानं फायबरच्या बॉडीची ही रोडस्टर काढली. इंग्लंडात कॉलिन चॅपमननं 1957 मध्ये लोटस सेव्हन नावाची गाडी काढली होती, तिच्या वळणावर बांधलेली. लांब नाक, बॉडीच्या बाहेर आलेली पुढची चाकं, आणि माणसं जवळजवळ मागच्या चाकांना टेकून बसलेली. इंजिन मात्र इसुझूचं, 1817 सीसीचं. हेच इंजिन हिंदुस्थान मोटर्सनं कॉन्टेसात घातलं आणि 1992 मध्ये अँबेसिडरमध्येही बसवलं.

"अँबेसिडरचं म्हटल्यावर माझी भीतीच गेली बघा," तात्या म्हणाले. "वरनं परदेशी दिसतंय, बॉनेट उघडलं तर वळखीचं निघालं."

ओळखीचं असलं तरी ते नीट चालत नव्हतं. मधल्या मालकाकडं गाडी बरीच वर्षं उभी होती आणि भाच्याकडं आल्यावरही बेदाण्याच्या शेडात ताडपत्रीखाली उभीच राहिली. सुरू व्हायची, पण स्लोला बंद पडायची, चढाला ओढत नव्हती, मध्येच मिसिंग करायची. भाच्यानं मोबाईलवर बघून निदान केलं की कार्बोरेटर काढून टाकायचा. इथवर माझ्या अंदाजाप्रमाणंच चाललं होतं. तरुण पोरगं आहे, ते कॉम्प्युटरवालं इंजेक्शन मागणार. तात्यांचा जन्म जेट फुंकण्यात गेला, ते कार्बोरेटरला चिकटून बसणार. रविवारी भाचा गाडी घेऊन दारात आला तेव्हा मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले ती हे भांडण ऐकायला. निघालं भलतंच. भाच्याला हवे होते दोन वेबर कार्बोरेटर, आणि "इंजेक्शन बसीव, इंजेक्शन" म्हणून हटून बसले होते ते तात्या.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवलं, त्यामुळं अशा ठिकाणी माझं तोंड बंद राहत नाही. पण मणेराजुरीच्या माणसाला कार्बोरेटर समजावायला बर्नुली लागतच नाही. ठिबकला खत सोडायला आपण जी व्हेंच्युरी लावतो तीच ही. पाइप मध्येच निमुळता केला की तिथं पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि बाजूच्या नळीतून खताचं पाणी आपसूक ओढलं जातं. कार्बोरेटरात पाण्याच्या जागी हवा आणि खताच्या जागी पेट्रोल. किती पेट्रोल ओढायचं ते जेटच्या भोकावर. त्या बारक्या पितळी तुकड्यावर 120 असा आकडा असला तर भोक 1.20 मिलिमीटरचं. त्याला वीज लागत नाही, वायरिंग लागत नाही. पण व्हेंच्युरीची खोड द्राक्षवाल्यांना ठाऊक असते. दाब कमी-जास्त झाला की खताचं प्रमाण बिघडतं आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

इंजेक्शनला असतो. पंप पेट्रोल साधारण तीन बारच्या दाबानं इंजेक्टरच्या तोंडाशी आणून ठेवतो. हवा किती आली, ती किती गरम आहे, इंजिन किती तापलंय हे सेन्सर सांगतात, आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. ही वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायची. शिवाय सायलेन्सरकडं जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला की जळून बाहेर पडलेल्या वायूवरून मागची चूक कळते आणि पुढच्या फवाऱ्यात ती सुधारते.

"बाईंनी सांगितलं ते ऐकलंस न्हवं?" तात्या भाच्याला म्हणाले.

"ऐकलं, मामा. पण तुम्ही हे ऐका." त्यानं मोबाईल कुंपणावर धरला. कुठल्याशा परदेशी घाटात एक जुनी स्पोर्ट्‌स कार चालली होती आणि पाय दाबला की हवा ओढल्याचा तो घोगरा, खोल आवाज. खरं सांगते, अंगावर काटा आला. एदोआर्दो वेबर या माणसानं 1923 मध्ये इटलीत बोलोन्याला कारखाना काढला. त्याच्या नावाचे आडवे बसणारे, दोन घशांचे कार्बोरेटर अल्फा रोमिओपासून लोटसपर्यंत कितीतरी गाड्यांवर लागले. चार सिलिंडरच्या इंजिनाला असे दोन लावले की प्रत्येक सिलिंडरला आपापला घसा मिळतो. एकाचं पेट्रोल दुसरा ओढत नाही. वरच्या वेगाला इंजिन मोकळं श्वास घेतं. पोराची मागणी नुसत्या आवाजावर उभी नव्हती.

तात्यांनी मोबाईलकडं बघितलं पण नाही. "चार घसं म्हंजे मेन जेट चार, स्लो जेट चार, एअरचं चार, पंपाचं चार. एक बदलायचा म्हटलं की चौघं बदलायचं. ती पेटी भरून जेटं तासगावात कुठं मिळणार? आणि दोन्ही कारबुरेटर एकासारखं एक हवा ओढतायत का ते कशावर बघणार तू?"

तात्या कशावर बघत ते त्यांनीच सांगितलं. कुर्ल्याला असताना एका पारशी शेटजींची एमजी यायची. तिला जोडीनं दोन एसयू कार्बोरेटर. वस्ताद रबराच्या नळीचा तुकडा घ्यायचे, एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आधी एकाची फुसफुस ऐकायची, मग दुसऱ्याची. सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. कामगार जेवायला गेले की हे काम काढायचे, कारण शेजारी कुणी हातोडा मारला तर सगळं मुसळ केरात.

"आता मला डाव्या कानानं कमी ऐकू इतंय," तात्या म्हणाले. "तुझी गाडी मी जुळवीन. पण मी गेल्यावर कुणाचा कान आणशील?"

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आक्कांनीच "चहा घिऊन जावा" म्हणून विषय मोडला.

चहाबरोबर तात्या मुंबईत शिरले, आणि तात्या मुंबईत शिरले की लवकर बाहेर पडत नाहीत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. ज्यांच्या नावाचं आपल्या सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे तेच हे वालचंद. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघायची, पुढं तिचंच नाव पद्मिनी झालं. 1089 सीसीचं इंजिन आणि एकच कार्बोरेटर. उन्हाळ्यात सिग्नलला थांबली की बॉनेटखाली पेट्रोलची वाफ व्हायची, पंप वाफ ओढायचा आणि गाडी मेल्यासारखी उभी. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचे. बाटलीतलं पाणी आधी पंपाला, उरलं तर स्वतःला. शेवटी शेवटी त्या टॅक्सी सीएनजीवर धावल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. ही बातमी आली त्या दिवशी तात्या कुंपणाशी आले नव्हते.

"मग एवढं प्रेम आहे तर इंजेक्शन कशाला मागता?" मी विचारलं.

"प्रेम हाय म्हणूनच मागतोय. फडकी मी गुंडाळल्यात, तुमी न्हाई."

या एका वाक्यावर मी त्यांच्या बाजूला गेले. जुन्याचं कौतुक बहुतेक वेळा ज्यांना ते दुरुस्त करावं लागलं नाही तेच करतात.

पण भाचाही मणेराजुरीचा आहे. त्यानं पल्सर काढली. म्हणाला, "मामा, इंजेक्शन एवढं भारी, तर पुण्याच्या बजाजनं काय केलं? 2007 ला पल्सर 220 इंजेक्शनवर काढली आणि 2009 ला तीच गाडी कार्बोरेटरवर आणली. किंमत कमी झाली आणि ताकद उलट वाढली!" हे खरं आहे. माझ्या धाकट्याकडं ती कार्बोरेटरवाली 220 होती. तिचा हप्ता त्यानं फेडला आणि पेट्रोल मी घातलं.

"आणि 2020 ला?" तात्यांनी विचारलं.

भाचा गप्प. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा नियम आला आणि पल्सर 220 च काय, बहुतेक नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर उठला. बजाजनं 2009 ला कार्बोरेटर घेतला तो किमतीच्या हिशेबानं, तो चांगला म्हणून नव्हे. धुराचा नियम आला तेव्हा मात्र साधा कार्बोरेटर पुरा पडेना. मारुतीचंही तसंच. 1983 ला आलेली 800 कार्बोरेटरवर होती, 2000 च्या सुमाराला इंजेक्शन, म्हणजे एमपीएफआय, आलं आणि लोक मागच्या काचेवर ती चार अक्षरं डॉक्टरांच्या पदवीसारखी मिरवायला लागले. तात्यांच्या मते त्या अक्षरांनी निम्म्या महाराष्ट्रातले मिस्त्री घरी बसवले. "पैलं गाडी बिघडली की माणूस माझ्याकडं यायचा. मग दिवा लागला की शोरूमला जायला लागला."

खरी चर्चा पेटली ती पेट्रोलवर. मला वाटतं या सगळ्या भांडणात मोलाची गोष्ट हीच, आणि ती आपल्या सांगली जिल्ह्याच्या फार जवळची आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल घालून विकायला 2023 मध्ये सुरुवात झाली आणि 2025 पर्यंत ते जवळपास सगळीकडं पोचलं. हे इथेनॉल काही अंशी उसाचं. म्हणजे आपणच ऊस लावायचा, कारखान्याला घालायचा, आणि त्याचं इथेनॉल पंपावरून आपल्याच टाकीत परत घ्यायचं.

इथेनॉल वाईट नाही. ठोका मारू न देण्याच्या बाबतीत ते पेट्रोलपेक्षा सरस आहे. पण ते स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळं त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉल असलं की साधारण 13.5. उलटीकडून बघितलं तर तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. इंजेक्शनच्या गाडीला ऑक्सिजनचा सेन्सर असेल तर ती हे आपलं आपण करते. कार्बोरेटर 1.20 मिलिमीटरच्या भोकातून पूर्वी जेवढं द्यायचा तेवढंच देतो. मग मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं, पाय दाबला की गाडी अडखळते. उपाय तसा सोपा आहे. 120 चा जेट काढून 125 चा घालायचा. आकड्यात फरक दिसतो पाचाचा, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. हा गुणाकार मी मेंदीच्या पानावर नखानं करून दाखवला आणि भाच्यानं तो मोबाईलवर तपासून घेतला. शिक्षकांवर कुणाचा विश्वास राहिलेला नाही.

जेट बदलला तरी सगळं संपत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी रोज चालत असेल तर ते जळून जातं, पण पावसाळाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, पत्रा गंजतो. जुन्या रबराच्या नळ्या, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक, पंपाचा पडदा, हे त्यात फुगतात नाहीतर चिरतात. कार्बोरेटरची ओतीव जस्ताची बॉडी पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसायला लागते. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना या इंधनाला सोसेल असं सामान कारखान्यातूनच घातलेलं असतं. जुन्या गाडीला ते आपण घालायचं. नळी मागताना दुकानदाराला इथेनॉलला चालणारी हवी असं स्पष्ट सांगायचं, तो "सगळ्या सारख्याच असत्यात" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जायचं.

भाच्याचा बेत महाबळेश्वरचा होता. सातारा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, आणि वर. तासगाव साडेपाचशे मीटरच्या घरात, महाबळेश्वर साडेतेराशेच्या पुढं. वर हवा आठेक टक्क्यांनी विरळ होते. कार्बोरेटरला तेही कळत नाही. तिथं मिश्रण उलट दाट व्हायला लागतं. म्हणजे इथेनॉलनं जे पातळ केलं त्यातलं निम्मं घाट भरून देतो. तात्यांना हे इतकं आवडलं की ते म्हणाले, "मग जेट बदलूच नगा. गाडी पाचगणीलाच ठिवा."

इंजेक्शन बसवायचं तर काय काय लागेल याची यादी तात्यांच्या डोक्यात तयार होती. याच इसुझू इंजिनाची अँबेसिडर पुढं एमपीएफआयमध्येही निघाली. त्यामुळं बाहेरून महागडा संच मागवायची गरज नाही. भंगारातल्या तशा गाडीचा मॅनिफोल्ड, इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू आणि सबंध वायरिंग एका गाडीवरचं एकदम उचलायचं. इथं एक तार, तिथं एक सेन्सर असं गोळा करायचं नाही. टाकीला जोराचा पंप आणि परतीची नळी. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप कोरडा पडतो, म्हणून टाकीत आडवे पत्रे. अल्टरनेटर तपासायचा, अर्थिंग चोख ठेवायचं. कुठं तोंड जुळलं नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जायचं, ते वाटेल ते ओतून आणि तासून देतात. दिसायला वेबरसारखीच चार तोंडं पण आत इंजेक्टर, असलेही संच परदेशात मिळतात. भाच्यानं फोटो दाखवला. तात्यांनी किंमत विचारली, रुपयांत ऐकली आणि फोन परत दिला.

"पण मामा, अस्सलपणा?" पोरगं शेवटचं अस्त्र काढत होतं.

अस्सलपणाचं मला फार कौतुक नाही, पण एका ठिकाणी तो सांभाळावा. घरात कुणाकडं पन्नास वर्षांपुढची फियाट किंवा हेराल्ड असेल तर तिला हात लावू नये. 2021 पासून अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, पण मूळ गाडीत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. ही अलिबागची गाडी त्या वयाची नाही. आणि तिच्या जातकुळीत मुळातच मिळेल ते इंजिन घालून पळायचं असतं. शिवाय इंजेक्शन म्हणजे कालचं खूळ असंही नाही. मर्सिडीजच्या 300 एसएल या स्पोर्ट्‌स कारला 1954 मध्येच बॉशचं इंजेक्शन होतं, सगळं यांत्रिक. किल्ली बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत तो पंप पेट्रोल सोडत राहायचा आणि ते ऑइलमध्ये उतरायचं, म्हणून ऑइल सारखं बदलावं लागायचं. बॉशनंच 1967 मध्ये फोक्सवॅगनवर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं. तेव्हा क्लासिक म्हणजे कार्बोरेटरच, हे समीकरण खरं नाही.

भाचा वाकत चालला होता. वेबरचं नाव त्यानं सोडलं नव्हतं, पण इंजेक्शनला किती दिवस लागतील असं विचारायला लागला होता. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. आणि इतका वेळ शेवग्याच्या शेंगा सोलत बसलेल्या आक्कांनी मान वर न करता विचारलं, "गाडी ठिवणार कुठं?"

"शेडात," भाचा म्हणाला.

"बेदाण्याच्या?"

"व्हय."

"मग त्या वायरी किती दिस टिकतील रं? गेल्या साली तुझ्या ब्लोअरची वायर खाल्ली, त्येच्या आदल्या साली मीटरची पेटी. तुझ्या बानं मांजरं आणली, ती बेदाणाच खायला लागली."

तात्या काही बोलणार होते, बोलले नाहीत. कार्बोरेटरच्या गाडीला इंजिनापाशी मोजक्या तारा. उंदरानं खाल्ल्या तर बॅटरी, कॉइल, डिस्ट्रिब्युटर एवढं बघितलं की कुणीही जोडून देतो. एमपीएफआयच्या जुडग्यात डझनावारी बारीक तारा. एक अर्धी कुरतडलेली तार मिळाली नाही तर गाडी कधी चालते, कधी नाही. असला बिघाड शोधण्यापेक्षा इंजिन उतरवणं बरं, असं तात्याच नेहमी म्हणतात. वर बेदाण्याच्या वासावर येणारे उंदीर. मणेराजुरी, सावळज पट्ट्यात ज्यानं शेड चालवलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि दुसरं, ते मी बोलून टाकलं. उभी राहणारी गाडी इंजेक्शनलाही सोसत नाही. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल पंपाच्या गाळणीत आणि इंजेक्टरच्या तोंडात डिंकासारखं धरतं. कार्बोरेटरचं पेट्रोल मात्र उभी करायच्या आधी काढून टाकता येतं.

शेवटी इंजेक्शनही नाही आणि वेबरही नाही. तात्यांनी आहे तोच कार्बोरेटर उतरवला. वाटीत चॉकलेटी रंगाचा थर होता, फ्लोटची सुई चिकटलेली होती, मॅनिफोल्डचं गॅस्केट कडेनं हवा घेत होतं. आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला बारीक तडा होता, म्हणजे मिसिंगशी कार्बोरेटरचा काही संबंधच नव्हता. टाकी धुतली, नळ्या नव्या घातल्या, मेन जेट एक नंबर वरचा टाकला, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड तुकडा बसवला. एअर फिल्टर काढून आवाज मोकळा करायची भाच्याची विनंती तात्यांनी फेटाळली. मणेराजुरीच्या रस्त्याची माती एकदा बोअरमध्ये गेली की सगळा पगार पिस्टनवर खर्च होतो, असं त्यांचं म्हणणं. भाच्याला पगार नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

गाडी आता स्लोला चोख चालते. शेडात उभी करताना पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे वाटी कोरडी होते, हे तात्यांनी त्याला तीनदा सांगितलं आणि मी एकदा. थोरले अजून बोलत नाहीत, पण आक्का सांगत होत्या की परवा संध्याकाळी ताडपत्री उचलून आत बसून बघत होते.

माझं मत विचाराल तर तात्यांचं बरोबर होतं. ज्याला घाटात जायचंय, आठवड्याला गाडी काढायचीय आणि पत्र्याचं पक्कं गॅरेज आहे, त्यानं अँबेसिडरचा एमपीएफआय संच बसवावा आणि फडकी गुंडाळायचं विसरावं. ज्याची गाडी सणासुदीला निघते त्यानं कार्बोरेटर धुवावा, जेट बदलावा आणि पैसे टायरवर घालावेत. दोन वेबर ज्याला परवडतात त्यानं ते लावावेत, पण आधी कान चांगला असलेला मिस्त्री शोधावा.

आणि बेदाण्याच्या शेडात उंदीर येऊ न देण्याचा खात्रीचा उपाय कुणाकडं असेल तर आक्कांना कळवा. मांजर सांगू नका, ते करून झालंय.